बायका दारात येऊन बसल्या की...

नोव्हेंबर १९२९. आग्नेय नायजेरियातलं ओलोको गाव. न्वान्येरुवा नावाची एक विधवा पामची फळं पिळून तेल काढत बसली होती. तेवढ्यात मार्क एमेरुवा नावाचा शाळामास्तर दारात आला. गावच्या सरकारी मुखियाने, ओकुगोने, त्याला मोजदादीला धाडलं होतं. तुझ्या शेळ्या-मेंढ्या आणि घरातली माणसं मोजून सांग, असं त्याने फर्मावलं. बाईने उलट विचारलं, तुझ्या विधवा आईला मोजलं होतं का? शब्दाने शब्द वाढला, बाईने तेलाने माखलेल्या हातांनी त्याचा गळा धरला आणि मग तडक गावातल्या बायकांच्या सभेकडे निघाली.

पुढच्या काही आठवड्यांत हजारो बायका रस्त्यावर होत्या. इंग्रजांनी नेमलेले मुखिये पदच्युत होत होते, कचेऱ्या जळत होत्या आणि सरकारने सैन्य बोलावलं होतं. इंग्रजी दप्तरात याची नोंद 'आबाची दंगल' अशी झाली. ज्यांनी ती केली त्या इग्बो बायका तिला 'बायकांचं युद्ध' म्हणतात.

शेळ्या मोजण्यावरून एवढं रान कसं पेटलं? आणि एका गावातलं भांडण इतक्या मोठ्या मुलखात इतक्या लवकर कसं पोचलं? फोन नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत, पक्ष नाही, पुढारी म्हणावा असा एकही चेहरा नाही. या प्रश्नांची उत्तरं समजली, तर आफ्रिकेतल्या पुढच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. केनियातल्या आयांचं उपोषण, लायबेरियाचा शांतता करार, मालीतल्या गायिकेच्या कॅसेटी आणि अगदी अलीकडचं सुदानही.

एक खुलासा आधीच करतो. आफ्रिका म्हणजे चोपन्न देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा. इग्बो बायकांची रीत ती झुलू बायकांची नव्हे. तरी काही हत्यारं खंडाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत पुन्हापुन्हा दिसतात, आणि ती बाहेरून शिकवलेली नाहीत.

मोजणीला लोक का भ्याले

शेळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १९२६ साली इंग्रजांनी याच भागात पुरुषांची मोजणी केली. कर लावायचा नाही, असं तेव्हा तोंड भरून सांगितलं. १९२८ साली डोईपट्टी बसली. आता बायकांची मोजणी म्हणजे उद्या बायकांवर पट्टी, हे कळायला कुणाची शिकवणी लागत नव्हती. त्यात पामतेलाचे भाव घसरत चालले होते. तेल आणि पामच्या बिया हाच बायकांच्या हातातला पैसा होता. घरच्या पुरुषाची पट्टी भरायलाही त्याच पैशातून हातभार लागायचा.

दुसरी गोम होती मुखियांची. इग्बो गावांत परंपरेने राजे नव्हते, गावसभा होत्या. इंग्रजांना कारभाराला एकच डोकं हवं होतं. मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतः घडवलं. एका माणसाला नेमणुकीचा कागद आणि अधिकाराची टोपी द्यायची, तो झाला 'वॉरंट चीफ'. यातले कितीतरी जण लाच खाणारे आणि दांडगाई करणारे निघाले. पुरुषांच्या गावसभेला साहेबांनी निदान बाजूला तरी सारलं. बायकांच्या सभा तर त्यांना दिसल्याच नाहीत, आणि त्यांची घोडचूक इथेच झाली.

इग्बो बायकांच्या संघटना दुहेरी होत्या. एक, गावात लग्न करून आलेल्या बायकांची सभा. दुसरी, त्या गावच्या लेकींची. लेकी लग्न होऊन दुसरीकडे गेल्या तरी माहेरच्या कारभारात त्यांचा शब्द चाले, आणि माहेरचे पुरुष त्याला वचकून असत. लग्नं गावाबाहेर होत असल्यामुळे प्रत्येक बाईचा पाय दोन गावांत. तुमच्याआमच्याकडच्या सासुरवाशिणीला हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त इथे माहेर नुसतं सणासुदीचं नव्हतं, त्याला अधिकार होता. त्यावर बाजाराचं जाळं. इग्बो आठवडा चार दिवसांचा आणि प्रत्येक दिवसाचा बाजार ठरलेला. बाजारभाव, नियम, भांडणाचा निवाडा हे सगळं बायकांच्या हातात. ओलोकोहून निघालेला निरोप या दोन जाळ्यांवरून पळाला. निरोप म्हणजे पामचं पान. ज्या गावाला पान मिळे त्याने ते पुढच्या गावाला द्यायचं.

आणि मग 'बसायचं'. एखाद्याने बायकोला झोडपलं, बाजाराचे नियम मोडले, गुरं बायकांच्या पिकात सोडली, तर त्याच्यावर 'बसण्याची' रीत पूर्वीपासून होती. सगळ्या बायका ठरवून त्याच्या घरी जायच्या, बऱ्याचदा रात्री. नाचायच्या आणि त्याच्या नावाने गाणी म्हणायच्या. गाण्यात त्याचे गुन्हे तपशीलवार, शिवाय त्याच्या पुरुषपणावर शंका. याम नावाचा कंद कांडायच्या मुसळांनी भिंती बडवायच्या, प्रसंगी छप्पर उतरवायचं. तो माफी मागेपर्यंत हलायचं नाही, आणि इतर पुरुषांनी मध्ये पडायचं नाही. हा संताप दिसायला कितीही बेफाम असला तरी त्याला नियम होते. पुरुषांना ते ठाऊक होते, त्यामुळे मार खाल्ल्याची तक्रार घेऊन कुणी बाहेर जात नसे.

सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा मंत्र्यांची तारांबळ उडाली होती. स्वयंपाकघरातली वस्तू हातात घेऊन बाई दारात उभी राहिली की समोरच्याला तिला गुंडही म्हणता येत नाही आणि हाकलताही येत नाही. इग्बो मुसळाची ताकद याच जातीची, फक्त तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदा होता.

ओकुगोच्या दारात बायका बसल्या. गोऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी ओकुगोची टोपी मागितली. ती मिळाली, शिवाय ओकुगोवर खटला होऊन त्याला दोन वर्षांची कैदही झाली. ही बातमी पसरल्यावर गावोगावच्या बायकांना आपल्या मुखियाची टोपी हवीशी वाटू लागली. डिसेंबरात आबा शहरात व्यापारी कंपन्यांच्या वखारी आणि बार्कलेज बँकेवर हल्ले झाले. वॉरंट चीफ जिथे बसून निवाडे देत ती नेटिव्ह कोर्टं ठिकठिकाणी फुटली, काही जळाली. डोक्याला नेचाची कोवळी पानं बांधलेली, तोंडाला कोळसा किंवा राख फासलेली, हातात पामच्या पानांनी गुंडाळलेल्या काठ्या. बघणाऱ्या साहेबाला हा जमाव वेडापिसा वाटला. इग्बो माणसाला त्या वेशावरून कळलं असतं की बायका युद्धाला निघाल्यात.

बायकांवर कुणी गोळी झाडणार नाही, अशी त्यांची खात्री होती, कारण त्यांच्या रीतीत 'बसलेल्या' बायकांना हात लावायचा नसतो. सैनिकांना ती रीत माहीत नव्हती. १६ डिसेंबरला ओपोबो इथे गोळीबार झाला, त्यात तीसहून अधिक बायका मारल्या गेल्या. एकूण आकडा पन्नासच्या वर जातो. पण बायकांवर पट्टी बसली नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत वॉरंट चीफची पद्धत मोडीत निघाली, आणि नव्या व्यवस्थेत काही कोर्टांवर स्त्रियाही नेमल्या गेल्या.

सहलीला निघालेल्या दहा हजार

वीस वर्षांनी याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, योरुबा मुलखातल्या आबेओकुटा शहरात, याच हत्याराची नवी आवृत्ती निघाली. इथे राजा होता, आलाके म्हणत त्याला, आणि इंग्रज त्याच्याआडून राज्य करत. इथल्या बायकांवर पट्टी होतीच. वसुली करणारे घरात घुसत, आणि मुलगी कराच्या वयाची झाली की नाही हे ठरवायला तिचे कपडे उतरवत अशा तक्रारी होत्या.

फुनमिलायो रॅन्सम-कुटी ही शाळा चालवणारी, इंग्लंडात शिकलेली बाई. तिचा सुशिक्षित बायकांचा एक क्लब होता. टेबल सजवणं, शिवणकाम, शिष्टाचार, असं सगळं चाले. एकदा बाजारातल्या एका बाईने तिला वाचायला शिकवायची गळ घातली. मग बाजारकरणी यायला लागल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या तक्रारी आल्या, आणि १९४६ साली क्लबाची आबेओकुटा स्त्री-संघटना झाली. फुनमिलायोबाईंनी गाऊन टाकून योरुबा नेसूचं वस्त्र धरलं. अधिकाऱ्यांशी त्या मुद्दाम योरुबात बोलत, त्यामुळे दुभाषा आणायची पाळी साहेबांवर येई. मला वाटतं, सगळ्या लढ्यात हा त्यांचा सर्वांत चतुर डाव होता. इंग्रजी येणारी बाई इंग्रजी बोलत नाही म्हटल्यावर बाजारातली बाई दबून मागे उभी राहत नाही.

मोर्च्याला परवानगी नाकारली, तर त्या 'सहल' काढत. दहा हजार बायकांची सहल राजवाड्यासमोर येऊन बसे. अश्रुधुराचं नळकांडं कसं उचलून फेकायचं याची तालीम आधी झालेली असे. आणि गाणी होतीच. राजाच्या लिंगाचा उद्धार करणारी, इथे छापता येणार नाहीत अशी. मर्दानगीच्या जोरावर आमचा धनी म्हणवतोस काय, आता उलटं करून दाखवतो, असा त्यांचा सूर. जानेवारी १९४९ मध्ये आलाकेने गादी सोडली. बायकांवरची पट्टी उठली. तो पुढे परत आला हे खरं, पण आधीसारखा नाही.

आईने वस्त्र उतरवलं तर

पुढचं हत्यार सर्वांत अवघड, आणि बाहेरच्या माणसाच्या हमखास गैरसमजुतीचं. पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेतल्या अनेक समाजांत असं मानतात की वयस्क बाईने, आईने, रागाच्या भरात मुद्दाम आपलं अंग उघडं केलं तर तो पुरुषाला शाप असतो. ज्या देहाने तुला जन्म दिला तोच दाखवून मी तुझा जन्म परत घेते, असा त्यामागचा भाव. पाहणाऱ्याला वेड लागेल, मूल होणार नाही, वाईट मरण येईल. म्हणून पुरुष डोळे झाकून पळतात. तरुण मुलीने केलं तर याला अर्थ नाही. ते आईनेच करावं लागतं, आणि दुसरा कुठलाच इलाज उरला नाही तेव्हाच.

फेब्रुवारी १९९२ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये काही म्हाताऱ्या आया उपोषणाला बसल्या. त्यांची मुलं डॅनियल अराप मोई यांच्या राजवटीत राजकीय कैदी होती. त्यांच्यासोबत वांगारी माथाई होत्या. माथाई शरीररचनाशास्त्रातल्या डॉक्टरेट, एके काळी नैरोबी विद्यापीठात प्राध्यापक. १९७७ साली त्यांनी 'ग्रीन बेल्ट' चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायका म्हणत, सरपण लांब गेलं, पाणी आटलं. माथाईंनी उत्तर दिलं, झाडं लावा. वनखात्याच्या लोकांचं म्हणणं, रोपं तयार करायला शिकलेला माणूस लागतो. बायकांनी फुटक्या भांड्यांत बी रुजवून दाखवलं. जगलेल्या प्रत्येक रोपामागे चार अमेरिकी सेंट मिळत. रोप जगलं तरच पैसे, हा नियम इतका साधा होता की कागदावर झाडं लावायची सोयच उरली नाही. आपल्याकडच्या वृक्षारोपण सप्ताहांना तो लावून पाहायला हरकत नाही.

१९८९ साली याच उहुरू पार्कमध्ये सरकारी पक्षाला साठ मजली टॉवर बांधायचा होता. माथाईंनी पत्रांचा मारा करून तो हाणून पाडायला सुरुवात केली, आणि टॉवर झाला नाही. मोई तेव्हा म्हणाले होते की ही खरी आफ्रिकी बाई असती तर परंपरेप्रमाणे पुरुषांचा मान राखून गप्प बसली असती. न्वान्येरुवा किंवा आबेओकुटाच्या बाजारकरणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही 'परंपरा' नेमकी कुठली, असा प्रश्न पडावा.

३ मार्च १९९२ ला पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन उपोषणाच्या तंबूवर तुटून पडले. माथाई बेशुद्ध पडल्या. तेव्हा काही आयांनी अंगावरची वस्त्रं दूर केली आणि आपल्या मुलाच्या वयाच्या पोलिसांसमोर छाती उघडी करून उभ्या राहिल्या. पोलिसांनी माना फिरवल्या. दुसऱ्या दिवशी आया जवळच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या तळघरात गेल्या आणि जवळजवळ वर्षभर तिथून हलल्या नाहीत. १९९३ च्या सुरुवातीला एक वगळता सगळे कैदी सुटले. माथाईंना २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री.

अकरा वर्षांनी हाच शाप एका शांतता कराराच्या उंबरठ्यावर उभा राहिला. लायबेरियात १९८९ पासून मधला थोडा काळ सोडता यादवी चालू होती. लेमा गबोवी ही समाजसेविका, युद्धात वापरल्या गेलेल्या पोरांमध्ये काम करणारी. तिने ख्रिस्ती बायका जमवल्या, मुस्लिम बायकाही सोबत आल्या. २००३ च्या एप्रिलपासून राजधानी मनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानावर त्या पांढरे टीशर्ट घालून रोज बसू लागल्या. जागा मुद्दाम निवडलेली होती. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज तिथूनच जायचा. ऊन असो, पाऊस असो, तो काच वर करून जाई आणि बायका तिथेच. नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, असाही कार्यक्रम त्यांनी जाहीर केला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तोच उचलून धरला. गबोवीने नंतर स्वतःच सांगितलं की त्याचा प्रत्यक्ष उपयोग फारसा झाला नाही, पत्रकार मात्र धावत आले.

शेवटी टेलर भेटला आणि बोलणीला तयार झाला. जूनमध्ये घानात बोलणी सुरू झाली. बंडखोर सरदार हॉटेलात राहून मंत्रिपदांच्या खात्यांच्या वाटण्या करत बसले. आठवडे गेले. तिकडे मनरोव्हियात तोफगोळे पडतच होते. जुलैत एके दिवशी बायका सभागृहाच्या काचेच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या. करार झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. सुरक्षारक्षक गबोवीला अटक करायला आले, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि डोक्याचा फडका सोडू लागली. आता मी सगळंच उतरवते, म्हणाली. मध्यस्थ होते जनरल अब्दुलसलामी अबुबकर, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख. ते धावत आले. एक सरदार बायकांना लाथ मारून बाहेर पडू पाहत होता, त्याला त्यांनी झापून आत बसवलं. बायकांनी अटी घातल्या: बैठकींना वेळेवर यायचं, आणि येताजाता बायकांना अद्वातद्वा बोलायचं नाही. ११ ऑगस्टला टेलरने पद सोडलं. १८ ऑगस्टला अक्रा इथे करारावर सह्या झाल्या.

एवढ्यावरून हा शाप रामबाण आहे असं कुणी समजू नये. ३ मार्च २०११ ला आयव्हरी कोस्टमध्ये, आबिजानच्या आबोबो वस्तीत, हातात पानांच्या डहाळ्या घेतलेल्या बायका निवडणूक हरूनही न हटणाऱ्या अध्यक्षाविरुद्ध चालत होत्या. त्यांच्यावर चिलखती गाड्यांतून गोळीबार झाला आणि सात जणी मेल्या. समोरच्याला ज्या गोष्टीची लाज किंवा भीती उरलेली नाही, तिचा शाप त्याला लागत नाही. ओपोबोलाही हेच झालं होतं.

गाण्याला असलेली सूट

वर गाणी बरीच येऊन गेली. समाजात जे बोलता येत नाही ते गाऊन म्हणता येतं, ही सूट आफ्रिकेत अनेक ठिकाणी कलावंताला असते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत सासरा-दिराचा जसा समाचार घेतला जाई, तसाच. केनियाच्या किनाऱ्यावर १९१३ साली मेकातिलिली वा मेन्झा नावाची गिरियामा विधवा 'किफुदु' हा मर्तिकाचा नाच गावोगावी नाचत फिरली. नाच बघायला गर्दी जमे, आणि मग ती सक्तीच्या मजुरीविरुद्ध बोले. इंग्रजांनी तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला कैदेत टाकलं, ती पळाली आणि शेकडो मैल चालत परत आली. दक्षिण आफ्रिकेत ९ ऑगस्ट १९५६ ला वीसेक हजार बायका पासच्या, म्हणजे काळ्या माणसांना सतत जवळ बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपरवान्याच्या, सक्तीविरुद्ध प्रिटोरियातल्या युनियन बिल्डिंग्जसमोर जमल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफी विल्यम्स, भारतीय वंशाच्या रहिमा मूसा या चौघी पुढे. सह्यांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या दाराशी ठेवून त्या अर्धा तास चिडीचूप उभ्या राहिल्या, मग गायल्या: बायकांना डिवचलंत, म्हणजे खडकाला डिवचलंत.

पण या सुटीचं सर्वांत बोलकं उदाहरण मालीतलं आहे. तिथे स्तुतिपाठकांच्या जाती आहेत, त्यांचा व्यवसाय वंशपरंपरेने दात्याचं गुणगान गाण्याचा. दक्षिणेकडच्या वासुलू प्रांताची रीत निराळी. तिथे गाणारा कुणाचा भाट नसतो. त्याला पक्षी म्हणतात, आणि पक्षी वाटेल त्या फांदीवर बसून वाटेल ते गातो. उमू सांगारे या रीतीतली. १९६८ साली बामाकोत जन्मली. बापाने दुसरी बायको करून घर सोडलं, आई गाणारी, पोरगी लहान वयातच लग्नसमारंभांत गाऊन घर चालवू लागली. एकवीस वर्षांची असताना तिची पहिली कॅसेट निघाली आणि पश्चिम आफ्रिकेत तिच्या दोन लाखांवर प्रती खपल्या. सवत, बळजबरीचं लग्न, मनातली प्रीत, सगळं उघडउघड. गावातली बाई टॅक्सीत बसली की ड्रायव्हर तीच कॅसेट लावी. ज्या नवऱ्याला बायकोने हे तोंडावर सांगितलं तर थप्पड मिळाली असती, तोच नवरा ते गाणं गुणगुणत होता.

मात्र गाण्याने बदललेलं मन आणि कायदा यांत अंतर असतं. मालीच्या संसदेने २००९ मध्ये नवा कुटुंब कायदा मंजूर केला, त्यात पत्नीने पतीची आज्ञा पाळावी हे कलम काढलेलं होतं. धर्मगुरूंनी बामाकोचं स्टेडियम भरवून दाखवलं आणि अध्यक्षांनी कायदा परत पाठवला. २०११ मध्ये तो आला तो आज्ञापालनासकट, आणि मुलीच्या लग्नाचं वय सोळा ठेवून. २०१८ साली आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा मापुटो कराराचा भंग करतो. हा २००३ चा करार म्हणजे आफ्रिकी राष्ट्रांनी स्वतः लिहिलेली स्त्री-हक्कांची सनद. मालीची त्यावर सही आहे.

खुर्ची मिळाल्यावर

इथवरची सगळी हत्यारं थांबवणारी आहेत. पट्टी थांबवा, टॉवर थांबवा, युद्ध थांबवा. राज्य चालवायला ती पुरत नाहीत, आणि माझ्या मते आफ्रिकेतल्या स्त्री-राजकारणाची खरी अडचण इथे आहे.

लायबेरियात करारानंतर बायका घरी गेल्या नाहीत. त्यांनी दारोदार, बाजारोबाजार फिरून बायकांची मतदार नोंदणी केली. तान्ह्या मुलाची आई नोंदणीला गेली तर दुसरीने तिचा गाळा सांभाळायचा. २००५ च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ फुटबॉलपटू जॉर्ज वेआ यांना हरवून आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या स्त्री-राष्ट्राध्यक्ष झाल्या. याच काळात, जानेवारी २००७ मध्ये, आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरहून अधिक महिलांची तुकडी मनरोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ती पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी, आणि नंतर बदलत्या तुकड्यांनी २०१६ पर्यंत तिथे काम केलं. एवढ्या वर्षांत आपल्या वर्तमानपत्रांत तिच्याबद्दल किती कमी छापून आलं!

सरलीफ अर्थतज्ज्ञ. त्यांनी देशाचं प्रचंड परदेशी कर्ज माफ करवून आणलं. २०११ चं नोबेल त्यांना, गबोवीला आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून मिळालं. आणि पुढच्याच वर्षी गबोवीने त्यांच्या समेट आयोगाचं अध्यक्षपद सोडलं. भ्रष्टाचाराबद्दल आणि सरलीफबाईंनी आपल्या मुलांना मोक्याच्या जागी बसवल्याबद्दल ती जाहीरपणे बोलली. टेलरला त्याच्या सुरुवातीच्या काळात केलेल्या मदतीबद्दल सत्यशोधन आयोगाने सरलीफ यांच्यावर आधीच ठपका ठेवला होता. बारा वर्षं एका बाईने राज्य केल्यावर, २०१७ च्या निवडणुकीत वीस उमेदवारांत बाई एक.

रवांडाने उलटा रस्ता धरला. २००३ च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. २००८ साली खालच्या सभागृहात स्त्रिया बहुसंख्य झाल्या. जगात कुठल्याही देशात हे पहिल्यांदाच घडत होतं. २०१३ मध्ये ८० पैकी ५१. वारसाहक्क, घरगुती हिंसा यांवर कायदे झाले, ते खरे आणि उपयोगाचे. पण त्याच देशात राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या व्हिक्टुआर इंगाबिरे यांना तुरुंगात टाकलं गेलं. संसदेत बायका किती हे मोजताना संसदेला किती विचारतात हेही पाहावं लागतं.

सगळ्यात ताजं आणि जिव्हारी लागणारं उदाहरण सुदानचं. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आंदोलनात खार्टूमच्या गल्लीत दुपारी ठरल्या वेळी एखादी बाई जीभ हलवून लग्नातल्यासारखा उलूलूचा आवाज काढे, आणि तो ऐकून घराघरांतून माणसं बाहेर पडत. एप्रिल २०१९ मध्ये आला सालाह ही तरुण विद्यार्थिनी पांढरा तोब नेसून गाडीच्या टपावर उभी राहून कविता म्हणत असतानाचा फोटो जगभर गेला. तीन दिवसांनी तीस वर्षं सत्तेवर असलेले ओमर अल-बशीर पायउतार झाले. पुढच्या वाटाघाटींनंतर जे सार्वभौम मंडळ बनलं त्यात अकरांत दोन बायका. ऑक्टोबर २०१९ मध्ये आला सालाह संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर गेली आणि रस्त्यावर पुढे असलेल्या बायकांना बोलणीतून कसं वगळलं ते तिने तिथे सांगितलं. बायकांच्या पोशाखावर फटक्यांची शिक्षा देणारा कायदा त्या वर्षअखेर रद्द झाला, हे एक पदरात पडलं. २०२१ मध्ये सैन्याने पुन्हा सत्ता घेतली.

एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींमध्ये युद्ध पेटलं, आणि मे महिन्यात जेद्दात बोलणी सुरू झाली तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच माणसं होती. आंदोलनाच्या काळात उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांतले स्वयंसेवक आणि बायका तोवर उपाशी वस्त्यांसाठी सामूहिक स्वयंपाकघरं चालवू लागल्या होत्या. त्या टेबलावर त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती.